सभेपुढे मांडलेलं गाणं
मेझियानला 'गाऊ नकोस' म्हणणारे जन्मभर भेटले. शाळेत तोंडातून आमच्या डोंगरी मायबोलीतला, काबिलीतला शब्द निघाला की मास्तर हातावर पट्टी ओढायचे. सरकारी रेडिओवाले म्हणाले, "आवाज झकास, पण गाणी अरबीत आण." हा पठ्ठ्या म्हणाला, "आईच्या शिव्या काबिलीत खाल्ल्या, आता रडू अरबीत होय?" पुढे याच गाण्यांपायी आठ महिने तुरुंगात काढले, तरी ताठा तोच!

सलत होतं ते एकच. त्याच्या बापाने, गावसभेचे प्रमुख अक्लीबाबा यांनी, त्याचं एकही गाणं ऐकलं नव्हतं. बापासमोर लेकाने गायचं ही आमच्यात लाजेची गोष्ट. कॅसेट लागली की म्हातारा मुकाट्याने बाहेर जायचा.

एक्क्याऐंशीच्या वसंतात गावात त्याचा कार्यक्रम ठरला आणि वरून हुकूम आला: काबिली गाणी बंद, गाणाऱ्याला उचलू.

"मी चौकात एकटा गाईन," मेझियान म्हणाला. "उचला म्हणावं!"

"एकट्याला वेडा ठरवून नेतील," ऑलिव्हच्या तेलात भाकरी बुडवत अक्लीबाबा म्हणाले. "गप जेव."

दुसऱ्या दिवशी गावात दवंडी फिरली. शुक्रवारी गावसभा, घरटी माणूस आलाच पाहिजे, न येणाऱ्याला दंड. बापाने आपल्या गाण्याच्या दिवशीच सभा लावली, म्हणून मेझियान मनातून पेटला.

शुक्रवारी चौक भरला. जीपमधून पोलिसांचा साहेब उतरला. "कसली गर्दी ही?"

"गावसभा, साहेब. बसा, कॉफी घ्या," अक्लीबाबा म्हणाले. "आजचे विषय दोन. पाण्याची पाळी आणि आमच्या मेझियानचं म्हणणं."

पाण्यावरून रीतसर भांडणं झाली. मग बाबांनी लेकाकडे न बघताच हाक मारली, "हं, मांड तुझं."

आता कुठे मेझियानच्या डोक्यात प्रकाश पडला. गिटार हातात होती, पण समोर बाप बसलेला. तो वाकून पुटपुटला, "बाबा, तुम्ही घरी जा. मग सुरू करतो."

"प्रमुख उठला की सभा मोडली. सभा मोडली की हे तुला नेणार. मी हलत नाही. गा."

मेझियान मान खाली घालून गायला लागला. आईची भाषा, तिच्यासाठी खाल्लेला मार, सगळं त्या गाण्यात होतं. गच्च्यांवरून बायकांनी ललकाऱ्या दिल्या. बाबांचे कान लालबुंद झाले, काठीवरची मूठ घट्ट झाली, पण म्हातारा जागचा हलला नाही.

"अहो, हे गाणं आहे!" साहेब ओरडला.

"आमच्याकडे म्हणणं असंच मांडतात."

मग आयुष्यात पहिल्यांदा, गाणाऱ्या लेकाकडे सरळ बघत, अक्लीबाबा म्हणाले, "मागच्यांना नीट ऐकू आलं नाही. पहिल्यापासून घे."