पाहुण्याचे हात

पेणच्या एसटी स्टँडवर उतरले आणि समोर मीच मला दिसले. खांबाला भलामोठा फ्लेक्स बांधला होता. मधोमध फेटा घातलेले मूर्तिकार दत्तारामदादा, मागे विमान, विमानामागे बर्फाचे डोंगर आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढी मी. ‘पेणचे सुपुत्र न्यूझीलंडच्या बाप्पाचे डोळे आखण्यासाठी रवाना! हार्दिक शुभेच्छा!’ शुभेच्छुकांत अख्खी आळी होती. पाऊस रपारप पडत होता, तरी मला घाम फुटला. दादांचा व्हिसाचा अर्ज अजून भरायचाच होता, आणि आमच्या तिकडच्या गणेश मंडळाने त्यात ‘पर्यटन’ असं लिहायचं ठरवलं होतं.

थोडं मागचं सांगते. मी मूळची रोह्याशेजारच्या वरसे गावची. वेलिंग्टनला हिशेब लिहायच्या नोकरीवर गेले, त्याला बरीच वर्षं झाली. तिथल्या आमच्या मंडळाची मूर्ती पेणहून बोटीने येते. यंदा हौसेने मोठी मूर्ती घेतली. ती रंगून झाली, पण खोक्यात गेली ती कोऱ्या डोळ्यांनी, कारण दादांची अटच तशी होती. “डोळं शेवटी. जिथं बसनार तिथं बसल्यावर.” आखणी (मूर्तीचे डोळे रेखण्याचं काम) आपल्याइतकी पेणमध्ये कुणाला जमत नाही, असं दादा स्वतःच सांगतात आणि कुणी नाही म्हणत नाही. मंडळ त्यांचं तिकीट काढणार, राहण्याजेवण्याची सोय करणार, शाल-श्रीफळ देणार. मी सुट्टीवर येतच होते, त्यामुळे अर्जाचं लोढणं माझ्या गळ्यात आलं. नियम नीट वाचायची बुद्धी झाली ती विमानात.

दादांच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चहूकडे पांढरे, गुलाबी, अर्धे रंगलेले गणपती. त्यांतून वाट काढत मंदावहिनींनी चहा आणि तळलेले पोह्याचे पापड आणून ठेवले. पेणचा पापड तोंडात टाकला की वाईट बातमी सांगायला जड जातं. तरी सांगितली.

“दादा, पर्यटक म्हणून गेलात तर तिथे काम करता येत नाही.”

“काम कुटं करतोय? सेवा हाय ती.”

“तिकीट, राहणं, जेवण, शाल मिळणार ना? त्यांच्या लेखी तो मोबदलाच.”

“मंग तिकडं पाव्हन्याला उपाशी ठेवतात काय?”

मग मी समजावायला बसले. पाहुणा म्हणून जायचा परवाना वेगळा, काम करायचा वेगळा आणि कायमचं राहायचा आणखी वेगळा. मी गेले ती कामाच्या परवान्यावर. ज्या कंपनीने बोलावलं तिच्याच टेबलाशी बसायचं. शनिवारी मैत्रिणीच्या दुकानात गल्ल्यावर बसले असते तरी पंचाईत, आणि कंपनी बुडाली असती तर गाशा गुंडाळून मी थेट वरशाला. राहण्याचा परवाना हातात आला तेव्हा कुठे मनासारखी झोप लागली.

दादा कुंचला पुसत राहिले. वहिनींना मात्र झटक्यात कळलं. “म्हंजे पाव्हना, गडी आनि घरचा. पाव्हन्यानं पाटावर बसायचं. तो माझ्या चुलीपाशी शिरला तर मी तरी चालवून घीन काय?”

दादांसाठी कामाचा व्हिसा मागायचा तर मंडळाने आधीच खटपट करायला हवी होती. आता गणपती तोंडावर आले होते. मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. त्यांचा आवाज एवढा खणखणीत, की कारखान्यातल्या सगळ्या गणपतींनी ऐकला असेल. “अहो, कुंचला खिशात मावतो. पर्यटन लिहा आणि गप्प बसा. कोण बघायला येतंय?”

“ज्याचं डोळं आखायचं तोच बघनार ना!” दादा म्हणाले. “खोटं लिवून जायचं आन देवाम्होरं कुंचला धरायचा? हात थरथरंल माझा. नाय जमनार.” त्यांनी कुंचला पाण्यात बुडवून ठेवला आणि ओसरीवर जाऊन बसले. तिथून स्टँडवरचा तो फ्लेक्स दिसत होता. मला फार वाईट वाटलं. दादांची पहिली परदेशवारी हुकणार होती, आणि तिकडे आमचा बाप्पा डोळ्यांविना खोक्यात होता.

संध्याकाळच्या एसटीने रोह्याला निघाले, तर वाटेत गडब गावाशी टायर बसलं. त्या महामार्गावर टायर बसत नाही तेव्हाच आश्चर्य. रस्त्याकडेला प्लास्टिकखाली एक बाई कंटोल्यांचे (काटेरी रानभाजीचे) वाटे लावून बसली होती. तिने मला आत घेतलं.

“कुटं ऱ्हातंस गो?”

“न्यूझीलंडला.”

“माझा पोरगा दुबईला हाय. ज्या कंपनीचा कागुद, तितंच काम. शेजारची कंपनी बोलावतंय, पन जाता येत नाय.”

“मावशी, माझंही तसंच होतं.”

“मंग सुटलंस कशी?”

“कळ काढली.”

“त्यालापन तेच सांगतंय मी,” ती हसली आणि दोन कंटोली जास्त टाकली. मला ती भाजी तिकडे कधी मिळत नाही. रात्री भावाकडे मी दोनदा वाढून घेतली.

सकाळी भावाच्या वरशाच्या घरी ओटीवर रांगोळी घातली. लहानपणापासूनची सवय, बोट न उचलता वेल काढायची. शेवटचं पान पुरं होतंय तोच छत्री मिटत दादा दारात उभे. पहाटेच्या गाडीने आले होते. अर्ज नको म्हणून सांगायला आले असणार, असं मला वाटलं. ते मात्र रांगोळीवरून नजर काढीनात.

“ही कुनी काढली?”

“मी.”

“अजून एक रेघ वड बघू. लांब.”

ओढली. दादा उकिडवे बसले आणि मान तिरकी करून तिच्याकडे पाहत राहिले. “हाताला कंप नाय तुझ्या,” ते म्हणाले. “तुला तिकडं काम करायचा परवाना हाय ना?”

“आहे.”

“मंग डोळं तू आखायचं.”

मी रांगोळीची वाटी खाली ठेवली. “दादा, मला राहायचा परवाना आहे, काम करायचा आहे. डोळे आखायचा कोण देणार?”

“तो माझ्याकडं मिळतो,” दादा म्हणाले. “आन मी पाव्हना म्हनून येतो. तसंच लिव. गनपतीला पाव्हना येतोय, कशाला हात लावनार नाय.”

भावाच्या संगणकावर आम्ही तेच लिहिलं, जसं होतं तसं. अर्ज गेला तेव्हा दादांनी देवाला करावा तसा संगणकाला नमस्कार केला.

त्यानंतर माझी सुट्टी रोहा-पेण गाडीत गेली. निडी स्टेशनात गाडी थांबली की दोन्ही बाजूंना हिरवीगार भातं, आणि डब्यात रोजची एक मासळीवाली, जी टोपली सरकवून मला जागा द्यायची आणि वर “तुमी रोज पेनला कसल्या शिफ्टला जाता?” असं विचारायची. डोळे आखायला जाते म्हटल्यावर तिने मला नेत्रतज्ज्ञ ठरवलं आणि आपला उजवा डोळा पुढे केला.

कारखान्यात फुटक्या मूर्तींचे चेहरे माझ्यासाठी राखून ठेवले होते. दादा शेजारी बसत. “श्वास घेताना रेघ वडायची नाय. सोडताना वडायची, म्हंजे हात वाहतो.” मी आखायची, ते तपासायचे. “हा घाबरलाय.” “ह्याला झोप आलीय.” “हा बघतोय, पन रोह्याच्या यष्टीकडं.” वहिनी हसून हसून बेजार. मलाही हसू यायचं. पण तिकडे एकच चेहरा होता आणि तो फुटका नव्हता.

शेवटच्या दिवशी मी आखलेल्या एका चेहऱ्यात दादांनी काहीच खोट काढली नाही. तो उचलून त्यांनी वरच्या फळीवर ठेवला. त्याच आठवड्यात व्हिसा आला आणि फ्लेक्सवर ‘डोळे आखण्यासाठी’ या शब्दांवर पांढरी पट्टी चिकटली, ‘पाहुणे म्हणून’.

वेलिंग्टनच्या विमानतळावर आमच्या रांगा वेगळ्या झाल्या. माझी भराभर सरकली. मी पलीकडे पोचून काचेआडून दादांना शोधत राहिले. कितीतरी वर्षांपूर्वी त्याच रांगेत मी छातीशी फाइल धरून उभी होते आणि पलीकडे माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, हे एकदम आठवलं. दादा मात्र हसत आले. तिकडे बाहेरून आणलेलं खाणं दाखवावं लागतं, तर पोह्याचे पापड त्यांनी न विचारताच काढून दाखवले होते. “नखातला रंग बघून तिथल्या सायबानं इचारलं,” ते म्हणाले. “खरं सांगितलं. घरी आखतो, इथं नाय.”

सभागृहात मूर्ती बसली. दादांना पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली. बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही तळहात मांडीखाली दाबून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदाच ते समोरच्या कोऱ्या डोळ्यांपुढे रिकाम्या हातांनी बसले होते.

डावा डोळा झाला. उजव्यापाशी माझा हात अडला. मी मागे वळून पाहिलं. दादांचं बोटही हललं नाही. त्यांनी फक्त एक लांब श्वास सोडला. मीही सोडला आणि रेघ ओढली.

खाली उतरून त्यांच्याजवळ गेले. दादांनी मूर्तीवर नजर ठेवून बसल्या जागी मान डावीकडे नेली, मग उजवीकडे.

“बघतोय गो,” ते म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हात अजून मांडीखालीच होते.

“आता काढा हात, दादा,” मी म्हटलं. “डोळे पुसायला परवाना लागत नाही.”