दही दिलेला हात

१९६९च्या सप्टेंबरात माझा धाकटा भाऊ विनायक कॅनडाला निघाला, तेव्हा आईने त्याला इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या घरात, हॉलवेमध्येच थांबवले आणि त्याच्या उजव्या तळहातावर चमचाभर दही ठेवले. हॉलवे तीन फूट दोन इंच रुंद. त्यात एक सूटकेस, आई, मी, माझी बायको नलिनी आणि सहा फूट एक इंच उंचीचा विनायक. बाहेर मिनीकॅब हॉर्न देत होती. विनायकने दही चाटले आणि हात पँटला पुसणार, तोच आई म्हणाली, "पुसू नकोस रे. दही दिलेला हात आहे तो. रिकामा परत यायचा नाही."

हेच वाक्य तिने १९६१ साली मिरज स्टेशनवर मला ऐकवले होते. तेव्हा वडील होते. माझा हात रिकामा राहिला नाही हे मान्य केले पाहिजे. ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका फॅक्टरीत वेजेस ऑफिसमध्ये कामगारांच्या पगाराचे हिशेब करायची नोकरी मिळाली, पुढे घर झाले. वडील गेल्यावर १९६४ साली आईला आणि चौदा वर्षांच्या विनायकला मी इकडे आणले.

आईला इथे सगळ्यात अवघड गेले ते दही लावणे. दूध गोल्ड टॉपचे, सोनेरी झाकणाच्या बाटलीतले, साय बोटभर. पण घरात इतका गारठा की सकाळी भांड्यात दूधच असे. मग तिला गरम पाण्याच्या टाकीचे कपाट सापडले. शेजारच्या पंजाबी बाईंकडून विरजण आणून ती भांडे तिथे टॉवेलांच्या घड्यांत ठेवू लागली. आमच्या टॉवेलांना तेव्हापासून जो आंबूस वास लागला, तो पंधरा वर्षे गेला नाही. "तुमच्याकडे आंघोळ केली की भूक लागते," असे एक पाहुणे म्हणाले होते.

विनायक शाळेत रग्बी खेळे, अगदी कडेला, धावणाऱ्यांच्या जागेवर. ओंटारिओत तो शिकायला गेला. तिथल्या विद्यापीठात कोणीतरी त्याचे धावणे पाहून त्याला त्यांच्या फुटबॉलमध्ये घेतले, आणि १९७३ साली एका व्यावसायिक संघाने रिसीव्हर म्हणून घेतले. इथल्या मराठी मंडळात मला हे अनेकदा समजावून सांगावे लागले, म्हणून इथेही सांगतो. इथल्या सॉकरशी त्या खेळाचा काही संबंध नाही. मैदान एकशे दहा यार्ड लांब, एका बाजूला बारा माणसे, दहा यार्ड पुढे जायला तीन संधी. एकजण लांबवर चेंडू फेकतो आणि रिसीव्हरने पळत जाऊन, अंगावर माणूस आलेला असताना, तो झेलायचा. चेंडू सुटायच्या आधीच त्याला धावायला सुरुवात करता येते. आमच्या डॉक्टर कुळकर्ण्यांनी दर गणपतीला, "रिसीव्हर म्हणजे टेलिफोनचा का हो?" असे विचारले आणि दर वेळी स्वतःच हसले.

पहिला फोटो आला तो आईने खिडकीपाशी नेऊन पाहिला. डोक्यावर हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी, कोण आहे ते कळू नये. फक्त दोन हात पुढे पसरलेले आणि त्यांच्या जरा वर चेंडू. "विन्याच आहे," आई म्हणाली. "हात ओळखते मी." मग चष्मा सारखा करून, "आणि हा तर सोललेला नारळ! ह्याच्यासाठी एवढी धिप्पाड माणसं अंगावर घेतोय होय?" पण फोटो तिने देवांशेजारी ठेवला.

मी त्याला खेळताना कधी पाहिले नाही. आमच्यापैकी कोणीच पाहिले नाही. तो तिकडच्या वर्तमानपत्रातली कात्रणे पाठवी, त्यांतले आकडे मी वाचत असे. १९७४ सालच्या हंगामात एक्केचाळीस झेल, त्यानंतरच्या हंगामात चौतीस. १९७७ साली अकरा. भाऊ उतरणीला लागला आहे एवढे मला आकड्यांवरून समजले. का, ते आकड्यांत नव्हते. वय सत्तावीस, पाय तर तेच होते.

१९७८च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "दादा, सोडलं त्यांनी मला." आईने माझ्या हातातून फोन घेतला. "मग घरी ये. त्यात काय एवढं?"

तो डिसेंबरात आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आईला एकच हवे होते, की त्याने आता परत जाऊ नये. "दोन भाऊ एका गावात. मला दुसरं काही नको," असे ती रोज कोणत्या ना कोणत्या निमित्ताने म्हणे. मी आमच्या फॅक्टरीच्या स्टोअर्समध्ये त्याच्यासाठी क्लार्कची जागा बोलून ठेवली होती. मॅनेजर त्याला भेटायलाही तयार होता.

घरात त्याच्या काही गोष्टी आम्हाला नव्या वाटल्या. चहाचा मग तो दोन्ही हातांनी धरी. थंडी, असे आम्ही समजलो. कार्डिगनची बटणे लावतच नसे. आणि वरणभात चमच्याने खाई. आईने त्यावरून त्याची पाठ सोडली नाही. "साहेब झालात! कॅनडात हात काढून घेतात का रे विमानतळावर?" तो हसून म्हणे, "सवय गेली गं आई." नोकरीचे विचारले तेव्हा मात्र हसला नाही. "नको दादा. लिहायचं काम नको. तिकडे एका शाळेत मुलांना खेळ शिकवायचं ठरलंय. शिट्टी वाजवायची." त्या रात्री आई जेवली नाही.

जानेवारीत तो निघाला. पुन्हा तोच हॉलवे, तीच सूटकेस. आई रुसलेली होती, पण दही लावायला चुकली नव्हती. तिने चमचा पुढे केला. विनायकने डावा हात पुढे केला.

"उजवा," आई म्हणाली.

त्याने उजवा दिला. तिने दही ठेवले आणि ते बोटांच्या फटीतून सरळ खाली, पायपुसण्यावर पडले. तिने दुसरा चमचा घातला. तोही पडला. मग तिने वाटी नलिनीकडे दिली, त्याचा हात दाराच्या काचेपाशी उजेडात नेला आणि एकेक बोट दाबून पाहिले. करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट सरळच राहिली होती, वाकत नव्हती. मधल्याचा सांधा सुपारीएवढा. तळव्याची ओंजळ होत नव्हती.

"झेलताना बोटं निखळायची," तो म्हणाला. "मैदानाच्या कडेला ओढून बसवायचे, पट्टी बांधायचे, की परत आत."

"किती वेळा?" मी विचारले.

"मोजलं नाही, दादा."

"म्हणून चमचा?" आईने विचारले. त्याने मान डोलावली. "आणि मी साहेब म्हणाले तुला."

तिने वाटीतले दही स्वतःच्या तळहातावर घेतले आणि हात वर केला. "घे. माझ्या हातातलं घे." तो वाकला आणि त्याने ते खाल्ले. रिकामा परत यायचा नाही, हे तिचे नेहमीचे वाक्य ती त्या दिवशी बोलली नाही. राहा, असेही म्हणाली नाही.

ह्या ऑक्टोबरात आई गेली. इथे क्रिमेटोरियमची वेळ मिळायला आठवडा लागतो, म्हणून विनायक पोहोचू शकला. शाळेची रजा संपल्यामुळे तेराव्याला त्याला थांबता आले नाही.

तुम्हा वाचकांपैकी जे भारतात राहिलेत ते पत्रांतून विचारतात, आता तुमचे घर कोणते? पूर्वी मी मिरज लिहीत असे. मग बरीच वर्षे स्लाऊ लिहिले. वेजेस ऑफिसातल्या माणसाने उत्तर अचूक द्यावे, पण मला ते येत नाही. माहीत आहे ते एवढेच सांगतो. विनायक निघाला तेव्हा आम्ही तिघे हॉलवेमध्ये उभे होतो. सुतक होते. सुतकात दही देत नाहीत, आणि देणारीही नव्हती. तरी दाराशी येऊन त्याने सवयीने उजवा हात पुढे केला, दोन बोटे सरळ, तळवा वर. त्याच्या ते लक्षात आले आणि तो हात मागे घेणार, एवढ्यात मी त्याखाली माझा हात धरला.

"येतो, दादा," तो म्हणाला.

मी "ये" म्हणालो. कुठे, ते त्याने विचारले नाही.