डाव्या काचेतला डाग

माझा डावा डोळा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. कोणी विचारलं की मी सांगतो, पडदा सुटला, ऑपरेशनला उशीर झाला. लोक च्‌ च्‌ करतात आणि विषय बदलतात. उशीर का झाला हे सांगायचं तर एक अख्खा उन्हाळा सांगावा लागतो, आणि तेवढा वेळ कोणाला नसतो.

अमरावतीत शिक्षण आटोपून मी घरी बसलो होतो. कम्प्युटर उघडून परत जोडता येणं, एवढीच विद्या अंगात. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा अकोल्याचा मित्र एक दिवस म्हणाला, आपण गेमिंग पार्लर टाकू. त्याच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं. खाली कापूस पिंजायचं मशीन आणि गाद्या-रजया शिवणारे कारागीर, वर एक रिकामी खोली आणि त्याच्यावर गच्ची. वडिलांना तो अब्बा म्हणायचा, म्हणून मीही अब्बाच म्हणायला लागलो. अब्बांनी खोली दिली आणि फक्त एवढंच विचारलं की याच्यात हलालची कमाई आहे की नाही. आम्ही छातीठोकपणे हो म्हटलं.

तेव्हा व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांवर चढवून गेमच्या आतच शिरायचे, हेडसेट नवीन निघाले होते. जाहिरातीत एक गोरा माणूस डोळ्यांवर ते डबडं चढवून, तोंडाचा आ करून, दोन्ही हात पसरून उभा असायचा. आम्हाला वाटलं, अकोल्याची पोरंही अशीच उभी राहतील. राहिली, पण पहिली पाच मिनिटंच.

त्या यंत्राबद्दल मला आजही चांगलं बोलवत नाही. वजन सगळं नाकावर. डोळ्यांपुढे चित्र, पण मच्छरदाणीतून पाहावं तसं जाळीजाळीचं. मागून जाडजूड वायर लोंबायची, ती पायात यायची, म्हणून आम्ही ती छताच्या हुकातून ओवली, तर ती गळ्याभोवती यायला लागली. कोपऱ्यातल्या सेन्सरना समोरच्या दुकानाच्या काचेची तिरीप चालायची नाही, मग गेममधले हात खांद्यापासून सुटून भलतीकडे उडत जायचे. उन्हाळ्यात कूलर लावला की दमट हवेने काचांवर वाफ धरायची, आणि कूलर बंद केला की घामाने. लाइट गेली की माणूस अचानक काळ्या अंधारात उभा, आणि हेडसेट काढायचं सुचायच्या आत त्याने भिंतीला एक ठोसा मारलेला असायचा.

आणि मळमळ. रोलरकोस्टरचा, उंचावरून कोसळणाऱ्या झोक्याच्या गाडीचा एक गेम होता, सगळ्यांना तोच हवा असायचा, आणि सगळ्यात जास्त तोच भोवायचा. डोळे सांगायचे आपण दरीत पडलो, पोट म्हणायचं आपण तर इथेच उभे आहोत. हिवरखेडहून लग्नाच्या गाद्या न्यायला आलेला एक नवरदेव हौसेने वर आला आणि नव्या शर्टावर ओकला. आम्ही कोपऱ्यात बादलीच ठेवली होती. डोकं दुखणं, नजर धूसर होणं, उतरल्यावरही जमीन हलणं, हे सगळं त्या मशीनच्या खात्यावर होतं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की डोळ्यांना काही झालं की दोष कोणाचा, हे ठरलेलंच होतं.

मला तर जास्तच त्रास. लहानपणापासून माझा चष्मा बाटलीच्या बुडाचा. शाळेत ढापण्या, कॉलेजात बॅटरी. त्या डबड्यात चष्मा बसायचा नाही, मी तो कोंबून बसवायचो. रोज दुपारी पार्लर उघडण्याआधी हेडसेट मीच घालून तपासायचो, कारण मित्राला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मला त्याच्यावर डाफरायला आवडायचं.

चैत्र लागला तसा आतला फोम वास मारायला लागला. येणाऱ्या प्रत्येकाचा घाम आणि डोक्याचं तेल त्यात मुरलेलं. एका सकाळी आम्ही दोघं सामान आणायला बाजारात गेलो होतो, तेवढ्यात अब्बा वर आले. त्यांनी ते डबडं हुंगलं आणि आपल्याकडे कोणीही जे करील तेच केलं. त्याला ऊन दाखवलं. आमच्या वऱ्हाडात वर्षाचा गहू, डाळ, पापड, बाळाची दुपटी, म्हाताऱ्याची गादी, ज्याला म्हणून वास येतो किंवा ओल लागते ते सगळं उन्हात जातं. अब्बांचा तर धंदाच तो. जुन्या गादीचा कापूस काढायचा, गच्चीवर पसरायचा, उन्हाने मोकळा करायचा आणि मग पिंजायला घ्यायचा. त्यांनी गच्चीवर बाज टाकली, तिच्यावर फडकं अंथरलं आणि आतल्या घामेजल्या बाजूला नीट ऊन लागावं म्हणून हेडसेट उताणा ठेवला. काचा आभाळाकडे.

आम्ही परत आलो तेव्हा वर जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. अब्बा खुशीत होते. म्हणाले, आता वास मारत नाही, पाहा. मित्राने हेडसेट डोळ्यांना लावला आणि बापावर असा ओरडला की खालचं मशीन थांबलं. मी अब्बांना समजावून सांगितलं की आत भिंग आहे, आपण लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसा उन्हाने आतला पडदा जाळला. ते बाजेवर टेकले. ते डबडं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "धूप तं मी रोजच दाखवतो, बेटा. माह्या हातानं कधी काही जळलं नाही."

उजव्या काचेवर पट्ट्याची सावली पडली होती म्हणून ती वाचली. डाव्या डोळ्यापुढे खालच्या बाजूला एक काळा डाग उमटला, शेपटी असलेला. दुरुस्ती कुठे होत नव्हती. नागपूरचा एक जण म्हणाला, नवीनच घ्या. आम्ही डागासकट धंदा चालू ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगायला लागलो की डावीकडे खाली एक काळा डाग दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. दिवसभर हे एकच वाक्य. स्वतःलाही मी ते सांगून टाकलं होतं.

मे महिन्यात एका दुपारी तपासताना मला डाग मोठा वाटला. त्याच्या आजूबाजूला बारीक ठिपकेही दिसत होते, मान फिरवली की तेही फिरायचे. मी मित्राला म्हटलं, जळकं पसरत चाललंय. त्याने घातलं आणि म्हणाला, होता तेवढाच आहे. मी त्याला आंधळ्या म्हटलं. हो, त्याला. चांगला अर्धा तास आमची त्यावर जुंपली होती.

मग कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मी सुटी वायर शोधत बसलो. हेडसेट काढल्यावरही डोळ्यापुढे खालून सावली राहायची. मित्र म्हणाला, सूर्याकडे पाहिल्यावर कसं राहते, तसं ते. दिवसभर डाग पाहतो, मंग तो डोळ्यात बसनच ना भाऊ. मला ते पटलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली गुलाबपाणी घाल. तेही घातलं. दुखत तर काहीच नव्हतं. मला आजही राग येतो तो याचाच. दाढेत किडा लागला की माणूस रात्रभर बोंबलतो, आणि अख्खा डोळा जात असताना साधी ठणकसुद्धा नाही. उजवा डोळा डाव्याचं काम निमूटपणे करत होता, त्यामुळे चालण्या-बोलण्यात मला काही कमी पडत नव्हतं.

कळलं ते खाली, दुकानात. लग्नसराईचं काम जोरात होतं, पिंजायचं मशीन सुरू होतं आणि सगळीकडे कापूस उडत होता. मी अब्बांशी बोलत उभा होतो आणि कापसाची तुसं उजव्या डोळ्यात गेली. मी तो डोळा तळव्याने दाबला. दुकान नाहीसं झालं. अब्बा, मशीन, गाद्यांची चळत, सगळं गेलं. वर छताची एक पट्टी आणि फिरणारा पंखा तेवढा उरला. त्याच्या खाली राखाडी.

मी हात काढला. सगळं परत आलं. परत दाबला. गेलं. मी पुनःपुन्हा तेच करत होतो आणि अब्बा विचारत होते की कचरा निघाला का. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मी तर हेडसेट घातलेला नाही.

अकोल्यातल्या डॉक्टरांनी थेंब टाकून पाहिलं आणि लगेच अमरावतीला घरी फोन करायला सांगितलं. तिथे पडद्याचे डॉक्टर होते. मित्र मला घेऊन गाडीत बसला. बडनेऱ्यापर्यंत दर स्टेशनला तो माझा दंड धरायचा. मला त्याची गरज नव्हती, उजव्याने दिसत होतं. मी त्याला झिडकारलंही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून आहे. मला सांगता येईना. डाग कोणता आणि सावली कोणती, यंत्रातलं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, उन्हाची, भिंगाची, जळक्या पडद्याची. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, यंत्राने काही केलेलं नाही. तुमचा नंबर मोठा, अशा डोळ्यांचा पडदा आतून पातळ असतो, तो घरी बसूनही फाटला असता. पण ठिपके आणि चमक दिसली तेव्हा आला असतात तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की डोळा वाचेल. आता पडदा जागेवर बसवतो, नजर किती येईल ते सांगत नाही.

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरला होता, त्यामुळे मला दिवसरात्र पालथं पडून राहायचं होतं, तोंड जमिनीकडे. अमरावतीच्या आमच्या घरात, बाहेर डांबर वितळेल अशा उन्हात, मी फरशी पाहत पडलेला. मित्र दर दोन-चार दिवसांनी अकोल्याहून यायचा आणि फरशीवर माझ्या तोंडासमोर मांडी घालून बसायचा. त्याने पार्लर बंद केलं होतं. मी त्याला अब्बांबद्दल विचारलं. तो म्हणाला, ते गच्चीवर जात नाहीत. कापूस वाळवायचा असला तर कारागिरांना पाठवतात. त्यांच्या मनाने घेतलं होतं की त्यांनी दाखवलेल्या उन्हानेच माझा डोळा जळाला. डॉक्टरांचं सांगणं मित्राने त्यांना दहादा ऐकवलं. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, डाग तर मीच पाडला.

मला काय वाटत होतं ते सांगतो. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. डाग नसता तर मी पहिल्या ठिपक्यालाच घाबरलो असतो, हे खरंच होतं. त्यांचं चुकत होतं आणि पूर्ण चुकतही नव्हतं. या दोन्ही गोष्टी त्यांना एका वेळी सांगायची माझी हिंमत नव्हती.

गॅस विरला, पट्टी गेली. डाव्या डोळ्याने कडेकडेचं दिसायला लागलं, दाराची चौकट, खिडकीचे गज, माझाच खांदा. मधोमध मात्र काही नाही. जिथे पाहायला जावं तिथेच काही नाही. डॉक्टर म्हणाले, थांबा, काही महिने लागतात. त्यांच्या आवाजावरूनच मला काय ते कळलं.

पावसाळा सरता सरता अब्बा एकटेच आले. कधी न येणारा माणूस, गाडी पकडून, बडनेऱ्याहून ऑटो करून आले. आईने चहा केला, तो त्यांनी हातात धरून ठेवला. मित्राची, दुकानाची, कापसाच्या भावाची चौकशी मीच करत राहिलो. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला आणि खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसले.

"चांगला डोळा झाक बेटा. आन्‌ सांग, मी दिसून रायलो काय तुले?"

मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. टोपीची कड दिसली. दोन्ही खांदे दिसले, मांडीवर ठेवलेले हात दिसले. मधे चेहऱ्याच्या जागी राखाडी होतं. आवाजावरूनही काही कळत नव्हतं. मी मनाशी ठरवूनच होतो काय सांगायचं ते.

"दिसून रायले ना अब्बा," मी म्हणालो. "चांगले हसून रायले तुमी."

मी डोळ्यावरचा हात काढला. अब्बा रडत होते, आणि मी बोलायच्या आधीपासून रडत असणार, कारण दाढी पार भिजली होती.