हुप म्हटलं की वर बघायचं

माझ्या लेकीच्या, ईराच्या सॉकर टीमनं गोल मारला की आम्ही पालक टाळ्या वाजवायचो. नुसतीच मॅच बघायला येणारे मेश्राम काका मात्र खुर्चीतून ताडकन उठून "हुप!" असं ओरडायचे आणि लगेच मान मागे टाकून वर बघायचे. वर काय, तर ॲरिझोनाचं कोरडं, निळं, रिकामं आकाश. क्षणभर ते न्याहाळायचे, समाधानानं हसायचे आणि खाली बसून थर्मासमधला चहा ओतायचे.

मी पुण्याची. न विचारता निष्कर्ष काढायची सवय आमच्या पाण्यातच आहे. तिसऱ्या-चौथ्या मॅचला मी विचारलंच, "काका, तुम्ही मारुतीचे भक्त का हो?"

काका इतके हसले की चहा सांडला. "अवं पोरी, आम्ही बौद्ध माणसं. मारुती कुठून आणला तू मधातच? हे हुप डच आहे, डच! म्हंजे, चला पोरहो!"

त्या दिवसापासून मेश्राम काका नावाचं वादळ आमच्या घरात शिरलं ते शिरलंच. काका मूळचे रामटेकचे. चिप बनवणाऱ्या अवाढव्य यंत्रांचे इंजिनियर म्हणून आधी बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये होते, मग त्याच कामासाठी इथं चँडलरला आले. पण त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की कळायचं, हा माणूस ना रामटेकचा ना चँडलरचा. तो एका पाडून टाकलेल्या फुटबॉलच्या मैदानाचा रहिवासी आहे.

"बाप्पा, काय ग्राउंड होतं!" हे वाक्य आलं की काकू मुकाट्यानं उठून कुकर लावायला जायच्या, कारण आता तासभर तरी सुटका नसायची. ते मैदान नेदरलँड्समधल्या त्यांच्या गावातल्या वीटभट्टीच्या कामगारांनी सुटीच्या दिवशी स्वतः खपून बांधलेलं. एका बाजूला कालवा. जोरात मारलेला बॉल हमखास पाण्यात जायचा आणि लांब काठीला जाळी लावलेला एक म्हातारा तो काढून द्यायचा. दुसऱ्या बाजूला घरांची ओळ. तिथल्या बायका वरच्या खिडकीत बसून बटाटे सोलता सोलता मॅच फुकट बघायच्या आणि रेफ्री चुकला की सालं खाली फेकायच्या. मुख्य स्टँड सगळा लाकडी, वर पत्र्याचं छप्पर. सगळे एकदम नाचले की तो बैलगाडीसारखा करकरायचा. काका हे सांगताना सोफ्यावरून उठायचे, कालवा इथं, खिडक्या तिथं असं हातवारे करत करत डायनिंग टेबलाला गोलपोस्ट करायचे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरीही मी तोंड उघडं टाकून ऐकायची.

आणि मग ती पहिली मॅच. काका नवेकोरे तिथं गेलेले, भाषा येत नाही, थंडीनं दात वाजताहेत. अचानक सगळा स्टँड ओरडला, "हुप! हुप!" वरचा पत्रा धडधडायला लागला. रामटेकला वाढलेल्या माणसाला हुप आणि पत्र्याचा आवाज एकत्र आले की एकच गोष्ट सुचते. काकांनी दचकून वर पाहिलं आणि मांडीवरचा सँडविचचा डबा पोटाशी घट्ट धरला.

"मले वाटलं, वांदरं आले," काका सांगायचे. "आमच्याकडं हुप ऐकू आलं का आधी जेवण लपवा, मग इचार करा!"

शेजारी यान नावाचा उंचापुरा, लाल नाकाचा सुतार बसला होता. त्यानं विचारलं, वर काय आहे? काकांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा अभिनयात छपरावरची वानरं समजावून सांगितली. यान हसून हसून बाकावरून घसरला. त्यानं ते पुढच्या रांगेला सांगितलं, पुढच्या रांगेनं तिच्या पुढच्या. पुढच्या मॅचला "हुप!" असा गजर झाला आणि काकांनी पाहिलं, तर अख्खा स्टँड छपराकडे बघत होता! तेव्हापासून ती रीतच पडली. हुप म्हटलं की वर बघायचं.

पुढे लाकडी स्टँड धोक्याचा ठरला, तिथला फुटबॉल क्लब हायवेजवळच्या नव्या काँक्रीटच्या स्टेडियममध्ये गेला आणि जुनं मैदान पाडून तिथं घरं बांधली गेली. शेवटच्या मॅचनंतर लोकांनी गवताचे तुकडे नेले, खिळे नेले. यान आणि काकांनी आपल्या दोघांच्या जागेची फळी उचकटली आणि मधोमध कापून अर्धी अर्धी वाटून घेतली. करवत काकांच्या हातात होती. केसाहून बारीक मापाची यंत्रं बनवणारा हा माणूस, पण हुंदके देत कापल्यामुळे काप पार वाकडा गेला.

ती अर्धी फळी चँडलरच्या घरात टीव्हीसमोर दोन ठोकळ्यांवर ठेवलेली होती. शनिवारी सकाळी क्लबची मॅच लागली की काका सोफा सोडून तिच्यावर बसायचे. इथल्या कोरड्या हवेनं लाकडाला चिरा पडतात, म्हणून ते तिला जवसाचं तेल चोळायचे. "माझ्या गुडघ्याला कधी चोळलं नाही," काकू म्हणायच्या. "सवत आहे ती माझी."

एके दिवशी यानच्या मुलीचा फोन आला. मैदानाच्या मध्यभागी आता घरांचं अंगण आहे. तिथं राहणाऱ्यांनी स्टँडच्या उरलेल्या फळ्या गोळा करून एक बाक करायचा ठरवलाय. बाबांची अर्धी फळी दिली, तुमची मिळेल का? आणि मग ती म्हणाली, की बाबांना हल्ली कुणाची ओळख राहिलेली नाही. माझीसुद्धा नाही.

काका "सांगतो" म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर कितीतरी दिवस घरात एकदाही "बाप्पा, काय ग्राउंड होतं" ऐकू आलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ग्राउंड गेलं. यानले आठवत नाई. आता ही फळी देऊन टाकली, तं मी तिथं होतो हे सांगणारं कोण राहते, सांग मले?"

मी उठून त्यांच्यासाठी चहा ठेवला, न विचारता. पुण्याची असूनही.

त्या शनिवारी आम्ही त्यांच्याकडेच होतो. क्लबनं शेवटच्या मिनिटाला गोल मारला. काका फळीवरून उसळले, "हुप!" म्हणाले आणि सवयीनं वर बघितलं. वर पांढरं सिलिंग आणि गरगरणारा पंखा. काका तसेच बघत राहिले. मग खाली बघून फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिले इथं पंखा दाखवून राहिलो मी. नेतो. मी स्वतः नेतो."

मग काय धांदल उडाली! तिकीट काढलं, फळीला सोलापुरी चादर गुंडाळली, वरून टेप. फिनिक्स एअरपोर्टवर मीच ड्रॉप केलं. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "सर, व्हॉट इज धिस?"

"माय सीट," काका छाती काढून म्हणाले.

"सर, यू ऑलरेडी हॅव अ सीट."

"दॅट इज युवर सीट, मॅडम. धिस इज माइन!"

मागची अख्खी रांग हसली आणि फळी विमानात गेली.

बाक बसवायच्या दिवशी नेदरलँड्समध्येच राहणाऱ्या काकांच्या जावयानं तिथून व्हिडिओ कॉल लावला. इथं सकाळ. काकू, मी आणि ईरा फोनला चिकटलेल्या. अंगण म्हाताऱ्यांनी भरलं होतं, प्रत्येकाच्या गळ्यात क्लबचा मफलर. दोन्ही अर्ध्या फळ्या जवळ सरकवल्या आणि तो वाकडा काप असा चपखल बसला की टाळ्या पडल्या. यानला व्हीलचेअरमधून उचलून बाकावर बसवलं. काका शेजारी बसले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला, नाव सांगितलं. यान नुसता समोर बघत होता. काकूंनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात कुणीतरी पुकारा केला आणि सगळं अंगण ओरडलं, "हुप!"

यानची मान हळूहळू वर गेली. त्यानं नीट, डोळे बारीक करून आकाश तपासलं. मग काकांकडे वळून काहीतरी बोलला. काकांनी काहीतरी उत्तर दिलं आणि दोघं म्हातारे एकमेकांच्या अंगावर कोसळून हसायला लागले. इथं आम्ही तिघी काही न कळता रडत होतो आणि नेमका कॉल कट झाला!

काका परतले तेव्हा एअरपोर्टवर हात मोकळे हलवत आले. गाडीत बसायच्या आधीच मी विचारलं, "काका, काय म्हणाला तो?"

"म्हने, आज एकही वांदर दिसत नाई वर."

"आणि तुम्ही?"

काकांनी सीटबेल्ट लावला आणि गाडीच्या छताकडे बघून हसले.

"मी म्हटलं, छप्परच नाई राहिलं, राजा. बसतीन कुठं?"