छत्तीसनं गुणा

लोहारा गावातल्या आमच्या डाळमिलमध्ये नवी मशीन सुरू झाली आणि पडद्यावर आकडा झळकला: सेकंदाला अर्धा किलो. आम्हाला तासाला अठरा क्विंटल हवे होते. मालक भडकले, “मशीन वापस पाठवा!”

माल न्यायला आलेला एक ट्रकवाला पुढे झाला. त्यानं तुरीच्या धारेखाली बादली धरली, मांडीवर बोटानं दहा सेकंद मोजले. काट्यावर तूर भरली बरोबर पाच किलो!

“वापस कायले करता? तासाचे सेकंद छत्तीसशे, क्विंटलचे किलो शंभर. छत्तीसनं गुणा ना भाऊ, अठराच होते! मशीन सेकंदात बोलून राह्यली, तुम्ही तासात आयकून राह्यले.”

मी आनंदानं ओरडलोच! मिलचा इंजिनिअर मी. कॅल्क्युलेटर माझ्या खिशात होता. आता कुठलीही धार दिसली, की माझं बोट आधी मांडीवर जातं.