काष्टीचा जनरेटर

आता माझी फजिती ऐकायचीच आहे, तर आधी एवढं मान्य करा की तिची सुरुवात न्याय्य संतापाने झाली होती.

बातमीदारीत माझे केस पांढरे झाले. कोणी काही मोफत देऊ लागलं की माझ्या कपाळाची शीर उडते. काष्टीला ‘घोरणे आणि स्लीप अ‍ॅप्निया’ या विषयावर मोफत जनजागृती शिबिर आहे, असं निमंत्रण आलं तेव्हाच मी ओळखलं. घोरण्याचा आजार करायचा आणि मशिनं खपवायची! आमचे वडील घोरायचे, आजोबा घोरायचे. त्यांच्यासाठी कोणी शिबिर भरवलं होतं?

केडगावच्या घरातून निघताना आमची सुनंदा म्हणाली, "जाताच आहात तर स्वतःचीही तपासणी करून घ्या. झोपेत तुमचा श्वास अडतो. हलवून जागं करावं लागतं मला."

"मी बातमी करायला चाललोय," मी ठणकावलं, "बातमी व्हायला नाही."

"मग गाडी तरी नेऊ नका."

हा टोमणा होता. मागच्याच महिन्यात माझी गाडी एका उभ्या उसाच्या ट्रॉलीला जाऊन टेकली होती. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, अशी सणसणीत बातमी मी केली. भरदुपारी रिफ्लेक्टरने काय दिवे लावले असते, हे विचारणारी एकटी सुनंदाच. मी गाडी नेलीच.

मंगल कार्यालय गच्च भरलेलं. पुढचा सोफा पत्रकारांसाठी, म्हणजे माझ्यासाठी. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून शर्टाच्या खिशात ठेवला आणि डोळे मिटून ऐकू लागलो. डोळे मिटून ऐकायची माझी जुनी सवय आहे. हसू नका.

टाळ्यांच्या कडकडाटाने डोळे उघडले. शिबिर संपलं होतं आणि अख्खं कार्यालय माझ्याकडे बघत होतं. फार आपुलकीने. पुण्याहून आलेल्या डॉक्टरबाई स्वतः खाली उतरल्या, माझ्या हातात कार्ड ठेवलं आणि उशीर करू नका म्हणाल्या. आयोजक बबनराव तर माझ्या गाडीची चावीच मागू लागले. म्हणे, आमचा ड्रायव्हर तुम्हाला घरपोच सोडील. आता तुम्हीच सांगा, ही लाच नाही तर काय? मी बाणेदारपणे चावी खिशात घातली आणि स्वतः गाडी चालवत आलो.

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टरबाईंचा नमस्कार, पुढची दोन वाक्यं, आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. घर्र, घर्र. डिझेलवरचा जुनाट जनरेटर, तोही सायलेन्सर फुटलेला. शब्द म्हणून कळेना. माझं डोकं सटकलं. उरलेलं ऐकायची गरजच काय? दुसऱ्या दिवशी बातमी झळकली : ‘जनरेटरच्या गोंगाटात आरोग्य शिबिराचा बोजवारा’.

सकाळीच बबनरावांचा फोन.

"साहेब, जनरेटर लावलाच न्हवता. लाइट गेलीच न्हाई."

"मग तो आवाज कशाचा?"

पलीकडे नुसतं खाकरणं. "आता कसं सांगू? तुमी मोठी मान्सं."

"सांगूच नका. लेखी खुलासा पाठवा. शब्दशः छापतो."

हे माझं तत्त्व आहे. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याचा खुलासा काना-मात्रेचा फरक न करता छापायचा, आणि त्याच जागी छापायचा. ऑफिसला तसं बजावलं. मला विचारायचंसुद्धा नाही, म्हणालो.

त्यांनी नाही विचारलं.

पुढच्या सकाळी चहा घेता घेता पेपर उघडला : ‘सदर शिबिरात जनरेटर नव्हता. सदर आवाज आपल्या दैनिकाच्या ज्येष्ठ प्रतिनिधींचा होता. ते पहिल्या रांगेत गाढ झोपले असता डॉक्टरांनी त्यांनाच दाखवून आजार समजावून सांगितला. ग्रामस्थांना विषय उत्तम समजला. प्रतिनिधींच्या सहकार्याबद्दल मंडळ ऋणी आहे.’

मी खवळलो. बदनामीचा दावाच ठोकणार होतो. तेवढ्यात सुनंदाने माझा मोबाईल घेतला आणि रेकॉर्डिंग पुढे सरकवलं. घर्र, घर्र. मग एकदम काहीच नाही. त्या शांततेत डॉक्टरबाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "घोरणं थांबलं म्हणजे शांत झोप लागली, असं समजू नका. यांचा श्वास थांबलाय. रोज रात्रभर असं होत राहिलं की रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि दिवसा गाडी चालवता चालवता डोळा लागतो."

तरी शांतताच. कोणी तरी म्हातारी कळवळून म्हणाली, "अगं बया, हालवा की त्यांना." आणि मग गुदमरलेल्या माणसासारखा एक आचका, आणि जनरेटर पुन्हा सुरू.

रेकॉर्डिंगमधला माझा स्वतःचा श्वास परत येईपर्यंत मी खुर्चीच्या टोकावर बसून वाट बघत होतो, हे नंतर लक्षात आलं. सुनंदाकडे बघितलं.

"मी रोज बघते," ती म्हणाली.



कार्ड शोधून काढलं आणि गेलो. अंगभर वायरी लावून एक रात्र झोपवलं. आजार निघाला, तोही चांगला ठणठणीत. आता झोपताना तोंडावर मास्क असतो. मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. होय, ज्या मशिनांविरुद्ध मी लेखमाला लिहिणार होतो, त्यातलंच एक. सुनंदाला शांत झोप लागते. उसाच्या ट्रॉल्याही सुखरूप आहेत.

परवा पुन्हा बबनरावांचा फोन आला. "साहेब, आता नेवाशाला शिबिर घेतोय. पन तुमी घोरत न्हाई म्हनत्यात. लई अडचन झाली बघा. दुसरा कुनी पत्रकार असंल तर सुचवा की. लेखी विनंती पाठवू का पेपरकडं?"

"बबनराव," मी म्हणालो, "लेखी काही पाठवू नका."