अंगणात उभी असलेली गाडी

हे गेल्यापासून देवघरात मी दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. हॉस्पिटलच्या बाकावर बसून एडवणच्या देवीला जे मागितलं होतं, ते तिने दिलं नाही. मग आता बोलायचं काय, असं वाटे. अस्थी विधिवत विसर्जित झाल्या होत्या, फक्त मूठभर मी मागे ठेवल्या होत्या. घरात आणू नयेत म्हणून छोट्या मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून, अंगणातल्या चिकूच्या फांदीला टांगल्या होत्या. त्याच चिकूखाली ह्यांची गाडी उभी असे. रोज सकाळी मी तिच्यात बसून किल्ली फिरवायची, इंजिनाचा आवाज थोडा वेळ ऐकायची आणि बंद करायची. ह्यांच्या मागे एवढं एकच काम मी मनापासून करत होते.

कुंभवलीहून माझी नणंद आली की मडक्याकडे बघून म्हणायची, "वहिनी, दादाला किती दिवस असं टांगून ठेवणार?" शब्द कठोर होते, पण बोलताना तिचेच डोळे भरत. शेवटी एका सकाळी मी धीर केला. मडकं शेजारच्या सीटवर ठेवलं, पदरासारखा त्याला पट्टा लावला आणि निघाले. एडवणचा किनारा ह्यांचा आवडता. तिथे आधी देवीला नारळ, मग समुद्र, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही.

पालघर सोडून केळव्याच्या रस्त्याला लागले आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी धाप लागल्यासारखी रखडू लागली. मी ती एका वाडीच्या कुंपणाशी थांबवली. ह्यांनी हौसेने घेतलेलं, गाडीच्या बिघाडाचा कोड वाचायचं छोटं यंत्र समोरच्या खणात होतं. ते जोडलं, तेव्हा मोबाइलवर पी शून्य शून्य अकरा असं उमटलं. यंत्राबरोबरची पुस्तिका काढून मी सवयीने सावकाश वाचू लागले. इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या, ती वेळ एक लहानसा व्हॉल्व्ह तेलाच्या दाबाने सांभाळतो. त्याचं नियंत्रण बिघडलं होतं. वाक्य कळलं, पण मन भलतंच समजलं. देवीलाच हे नको आहे, मागे फिर. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. आज परत गेले असते, तर ते मडकं पुन्हा फांदीवरून खाली आलं नसतं.

इतक्यात मागून एक टेम्पो येऊन थांबला. चालवणारी बाई माझ्याच वयाची, केसांत अबोली, टेम्पोत रिकामे क्रेट.

"काय झाला ताय? गाडी रुसली काय?"

मी पुस्तिकेतलं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या व्हॉल्व्हचा ऱ्हाऊ द्या, तेल बघितला का?"

इंजिन जरा निवल्यावर आम्ही तेलाची पट्टी काढली. अगदी टोकाला काळपट, चिकट ओल होती, म्हणजे तेल कमीही होतं आणि खराबही.

"शेवटची कवा चालवली?"

"रोज सुरू करते. अंगणातच."

ती मोकळेपणाने हसली. "म्हंजे नवरी रोज नटवली, पन वरात नाय काढली! अवो, अशी उभ्यानं घुरघुरवली तर तेल खराबच व्हनार. जीव लावायचा तर रस्त्याला न्यायची."

मग तिची नजर सीटवरच्या मडक्याकडे गेली. तिचं हसू मावळलं. "एडवणच्या समुद्रावर निघालेय," मी म्हणाले. तिने टेम्पोतून तेलाचा डबा आणून पट्टीवरच्या खुणेपर्यंत भरला. "माझा टेम्पो तेल पितो, म्हनून डबा बरोबरच आसतो," ती म्हणाली. "मी दातिवऱ्याला जाते, एडवन वाटंतच हाय. हलू हलू या माझ्या मागून. भरती उतराया लागली का सोडा. पानी मंग आपल्याआप घेऊन जाते."

दिवा विझला नव्हता, पण धाप कमी झाली होती. त्या टेम्पोच्या मागे मी एडवणपर्यंत गेले. फाट्यावर तिने हात बाहेर काढून देवळाची दिशा दाखवली आणि पुढे निघून गेली. तिचं नाव मी विचारलंच नाही.

देवीपुढे नारळ ठेवला, तेव्हा हात आपोआप जुळले. काही मागितलं नाही. किनाऱ्यावर ओहोटी नुकती लागत होती. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून मडकं कलतं केलं. ओढावं लागलं नाही, ढकलावंही लागलं नाही. पाणी आलं आणि घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जुनं तेल काढून टाकलं, व्हॉल्व्ह साफ केला, कोड पुसला. ती बाई त्याच वेळी त्या रस्त्याने का आली, यावर मी वाद घालत नाही. मी फक्त रोज तिच्या नावाने, म्हणजे नाव नसलेल्या तिच्या नावाने, देवीला नमस्कार करते. माया म्हणून मी जे अंगणात धरून ठेवलं होतं, ते धरण्यानेच आतून गोठत चाललं होतं, हे मला दोन बायकांनी शिकवलं. एक देवळात बसलेली, एक टेम्पो चालवणारी.

आता सकाळी मी नुसती किल्ली फिरवत नाही. फाटक उघडते, आणि मगच गाडीत बसते.